आधी न्यूट्रल ओढा

झिगबीचे नेटवर्क मेश पद्धतीचे असल्यामुळे ते घरभर आपोआप पसरते, असे ग्राहकाला सांगून आपण मोकळे होतो. पण ते पसरवणार कोण? दारावरचा किंवा टाकीजवळचा बॅटरीवरचा सेन्सर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. म्हणून तर सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांची सीआर २०३२ बॅटरी त्याला महिनोन्‌महिने पुरते. दुसऱ्याचा निरोप तो पुढे पोचवत नाही. ते काम सतत वीज मिळणाऱ्या राउटर उपकरणांचे, आणि आपली कामे बिघडतात ती इथेच.

स्मार्ट बल्बवर भरवसा ठेवून आखणी केली आणि घरच्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले, की त्या बल्बवर अवलंबून असलेले सेन्सर तुटतात. बटण बंद करणाऱ्याचा यात काय दोष? राउटर बटणामागच्या मॉड्यूलमध्येच हवा, आणि त्या मॉड्यूलला न्यूट्रल लागतो. प्लग असलेल्या बोर्डात तो मिळतो. जिन्यातल्या, पलंगाजवळच्या टू-वे बोर्डात बहुधा नसतो. मग बिनन्यूट्रलचे मॉड्यूल बसते. ते स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढते, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. शिवाय अशी बहुतेक मॉड्यूल राउटर म्हणून चालतच नाहीत.

काही जण शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतात. कृपया हे करू नका. आरसीसीबी ट्रिप होईल हा त्यातला लहान त्रास. एक एमसीबी पाडून निर्धास्तपणे काम करणाऱ्या पुढच्या वायरमनला त्या न्यूट्रलमधून शॉक बसू शकतो.

भिंतींना झिऱ्या मारलेल्या असतानाच प्रत्येक बोर्डात त्याच सर्किटचा न्यूट्रल मागा आणि बॉक्स खोल घ्या. धातूचा बॉक्स रेडिओ लहरी अडवतो, त्या मुख्यतः समोरच्या प्लॅस्टिक प्लेटमधून बाहेर पडतात. राउटरच्या जागा ठरवताना हे विसरू नये.

चॅनेलचे गणित त्या मानाने सोपे. वायफाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीला १५, २० किंवा २५ द्या. थ्रेडचा रेडिओही त्याच ८०२.१५.४ मानकाचा, तेव्हा तिथेही हेच.

काम सोपवण्याआधी एकेका खोलीचा एमसीबी पाडून बाकीचे सेन्सर दुसऱ्या वाटेने पोचतात का ते पाहा. थोडे थांबावे लागेल. काही सेन्सर जुन्याच राउटरला चिकटून राहतात. त्यांची खोड ग्राहकाला कळण्याआधी आपल्याला कळायला हवी.