गोळी चुकवू नका! : सुरतेतील मराठी बांधवांना जाहीर आवाहन

लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, पांडेसऱ्यातील बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात आपल्याच समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मजकूर फिरला : ‘ब्लड कॅन्सरच्या पोराचे काउंट नॉर्मल आले की केमो बंद करा, काढा द्या.’ तो पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेसवरलेलेही होते. लाज वाटली पाहिजे!

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात एएलएल हा प्रकार सर्वांत जास्त. सलाइनमधली केमो संपते, केस परत येतात, पोरगं गल्लीत क्रिकेट खेळू लागतं; उपचार मात्र संपलेला नसतो. पुढे दीड-दोन वर्षं रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. दडून बसलेल्या पेशी या गोळ्यांनीच मरतात, तेही औषध अंगात सतत राहिलं तर. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांच्या पथकाने डबीच्या झाकणात चिप बसवून मोजलं : ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका सुमारे २.७ पट. हिशेब करा. महिन्यात दोन रात्री चुकल्या की उरले ९३ टक्के! आणि आपण? कानबाईला, आखाजीला खान्देशात जातो आणि गोळ्यांचं पाकीट सुरतेतच विसरतो.

‘गोळ्यांनी काउंट पडतात’ म्हणे! अहो, काउंट बेताने खाली ठेवणं हा उपचाराचाच भाग. किती खाली, ते डॉक्टर सीबीसी ही रक्ततपासणी पाहून ठरवतात. आशियाई लोकांत एनयूडीटी१५ जनुकातला फरक बराच आढळतो. अशा मुलाला मर्कॅप्टोप्युरिनचा कमी डोस लागतो. शेजारच्या पोराची चिठ्ठी पाहून डोस बदलणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

आजपासून एवढं कराच :

१. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी दिल्याची खूण. ‘आज अर्धी, उद्या एक’ असेल तर तेही लिहा.
२. मेथोट्रेक्सेटचा वार लाल शाईने. ही गोळी चुकूनही रोज देऊ नका, जिवावर बेतेल.
३. गावी जाताना दहा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या.
४. ताप आला की काढा नाही, थेट हॉस्पिटल. उलटी झाली किंवा गोळी राहिली तर डॉक्टरांना विचारा. मनाने दुप्पट देऊ नका.
५. पैसे संपले तर गोळी थांबवू नका; हॉस्पिटलच्या समाजसेवकाला आणि आम्हाला गाठा.
६. लूम्सच्या मालकांनो, तपासणीच्या दिवशी बापाची पाळी कापू नका.

आमचे कार्यकर्ते रक्तासाठी अर्ध्या रात्री धावतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तुमच्या घरी येऊन रोजची गोळी आम्ही देऊ शकत नाही. गणपतीच्या रोषणाईवर लाखो उधळणाऱ्या मंडळांनो, आपल्या गल्लीतल्या एका आजारी मुलाच्या औषधाची जबाबदारी यंदा घ्या. नावं याच रविवारी कळवा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, सुरत