वर्गणी भरली म्हणजे संशोधन खुले झाले नाही

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, तेव्हा प्राध्यापक मंडळी खूश झाली. त्या आनंदात खोटे काही नव्हते. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. आयआयटीत बसून जे वाचता येते ते जिल्ह्याच्या गावच्या शासकीय महाविद्यालयातही वाचता येणार, ही गोष्ट लहान नाही. पण पाठोपाठ एक प्रश्न कानावर येऊ लागला: आता ओपन अ‍ॅक्सेसच्या चळवळीचे काय काम उरले? प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर नकोच होते, चळवळ संपली असे त्यांना सुचवायचे होते. म्हणून हा प्रतिवाद.

या चळवळीच्या 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याची मागणी साधी होती. तज्ज्ञांनी तपासलेले संशोधन इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावे, उतरवून घेता यावे, वाटता यावे. वाचक कोणत्या संस्थेचा, हे तिथे कोणी विचारणार नव्हते. आपल्या योजनेत मात्र पहिला प्रश्न तोच आहे. निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, पत्रकार, वकील, मराठीत विज्ञान लिहिणारा लेखक हे सगळे दाराबाहेर. आणि आत असलेल्यांचा प्रवेशही डिसेंबर 2027 पर्यंतचा. पुढे पुन्हा वाटाघाटी, पुन्हा पैसे. आपण भाडे भरतो आहोत, घर आपले झालेले नाही.

यावर पूर्वपक्ष म्हणतो, दाराबाहेरच्यांना संशोधन वाचून काय करायचे आहे? त्यांना ते कळणार आहे का?

लायबेरियाचे उदाहरण घ्या. तिथे 2014 साली इबोलाने थैमान घातले तेव्हा हा रोग या देशाला नवा आहे असेच सगळे धरून चालले होते. पुढच्या वर्षी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी सहकाऱ्यांसह ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले, की लायबेरियाचा समावेश इबोलाच्या प्रदेशात करायला हवा असे तिथल्या रक्तनमुन्यांवरून सांगणारा निबंध 1982 सालीच एका युरोपीय नियतकालिकात छापून आला होता. तो उतरवून घ्यायचा तर तिथल्या डॉक्टरला अर्ध्या आठवड्याचा पगार मोजावा लागला असता. किंमत हा एकच दोष नव्हता. अशा संशोधनात लायबेरियाचा एकही सहलेखक नव्हता, हेही त्यांनी नोंदवले. पण रक्ताचे नमुने ज्यांचे, त्यांनाच निष्कर्ष विकत घ्यावा लागावा, ही व्यवस्था कोणत्या तोंडाने समर्थनीय ठरवायची?

शिवाय संशोधन विद्यापीठाच्या आवारातच होते, हा समजही महाराष्ट्रात तरी टिकू नये. अभय आणि राणी बंग यांची गडचिरोलीतली ‘सर्च’ विद्यापीठ नाही. तिथल्या 39 खेड्यांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरले. तो निबंध 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगाच्या आरोग्यधोरणात मोजला गेला. असे काम करू पाहणारी पुढची संस्था सरकारी यादीत असेलच असे नाही.

मग येतो खर्चाचा मुद्दा, आणि तो सर्वांत जोरात मांडला जातो: संपादन, छपाई, संकेतस्थळ फुकट होते काय? मुळीच नाही. पण निबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही, तो तपासणारे तज्ज्ञ विनामोबदला तपासतात आणि प्रयोगाचा खर्च बहुतेक वेळा सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही, केलेला असतो. एल्सव्हियरची मालक कंपनी रेलेक्स. तिच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा 2023 चा महसूल सुमारे 306 कोटी पौंड होता आणि परिचालन नफा सुमारे 116 कोटी पौंड, म्हणजे शंभराला अडतीस. कच्चा माल फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेले असले की हे जमते. खर्च निघावा याला कोणाचीच हरकत नाही. हरकत या अडतिसाला आहे.

खर्च वाचकाच्या खिशात हात न घालताही निघू शकतो, हे परळच्या केईएम रुग्णालयात दिसले आहे. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएमच्या अध्यापकांचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या शतकाच्या सुरुवातीलाच लेखकांकडून शुल्क न घेता इंटरनेटवर खुले झाले. त्यातल्या निबंधांचे दाखले वाढले आणि लवकर दिले जाऊ लागले, हे नंतरच्या अभ्यासात आढळले. हे घडवणारी मुंबईची मेडनो कंपनी 2011 साली वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली. खुलेपणात धंदा नसता तर ती कोणी घेतली असती का?

बोगस नियतकालिकांचे खापरही चळवळीवर फोडतात. ती माजली ती बढतीसाठी निबंध मोजण्याच्या यूजीसीच्या गुणपद्धतीमुळे. मागणी तिथे तयार झाली, पुरवठा हैदराबादपासून कुठूनही आला. पुण्याच्या विद्यापीठातून चालणारी मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 साली यूजीसीने बंद केली. मोजणी बदलल्याशिवाय यादी बदलून काही होत नाही, इतकेच त्यातून कळते.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. वाचकाकडून न घेतलेले पैसे लेखकाकडून घेणे हा खुलेपणा नव्हे. ‘नेचर’ने 2020 च्या अखेरीस खुल्या निबंधाचा दर 9,500 युरो जाहीर केला, तेव्हाच्या भावाने आठ लाख रुपयांहून जास्त. नांदेडच्या अध्यापकाने हे कुठून आणायचे? चळवळीतल्या काहींनी हा मार्ग उत्साहाने उचलून धरला, ती त्यांची चूकच झाली. ‘साय-हब’वरून चोरून वाचण्यावर विसंबूनही चालणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रोखण्याचा आदेश दिला आणि ती वाट बुजली.

मग वाट कोणती? ती आपल्याकडे अर्धी बांधलेली आहे. यूजीसीने प्रबंध जमा करण्याची सक्ती केली आणि ‘शोधगंगा’त आज पाच लाखांहून अधिक प्रबंध कोणालाही वाचता येतात. (कोणी कोणाचे किती उचलले तेही दिसते, हा वरचा फायदा.) निबंधांबाबत हेच करायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2005 साली संशोधकांना स्वीकृत हस्तलिखित सार्वजनिक भांडारात ठेवण्याची विनंती केली, फारसे कोणी ऐकले नाही. 2008 साली सक्ती केली, मग ऐकले. 1 जुलै 2025 पासून तर वर्षभर थांबण्याची सवलतही संपली. आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी असेच धोरण डिसेंबर 2014 मध्ये कागदावर आणले. ते पाळले नाही म्हणून कोणाचे अनुदान थांबल्याचे ऐकिवात नाही. तिकडे ब्राझीलमधून सुरू झालेले ‘सायएलो’ सार्वजनिक पैशांवर लॅटिन अमेरिकेतली शेकडो नियतकालिके वाचकांसाठी खुली ठेवते आहे.

2027 च्या अखेरीस प्रकाशकांशी पुन्हा बोलणी होतील. इतके मोठे गिऱ्हाईक असलेल्या सरकारने त्या टेबलावर एक कलम ठेवलेच पाहिजे: भारतीय सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक निबंधाचे स्वीकृत हस्तलिखित प्रकाशनाच्याच दिवशी खुल्या भांडारात. हे मान्य नसलेल्या प्रकाशकाला यादीतून वगळावे. आणि प्राध्यापकांनो, सरकार हलेपर्यंत तुम्ही थांबू नका. बहुतेक प्रकाशकांचे करार स्वीकृत हस्तलिखित आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवू देतात, बऱ्याचदा वर्षभरानंतर किंवा त्याहून उशिरा. करार वाचा, आणि ते ठेवा.