खणायला घातक, आयातीला निर्धोक!

लोक ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, त्यात सिमेंटच्या जोडीला बहुधा पांढरे ॲस्बेस्टॉस, अर्थात क्रायसोटाइल, असते. हे तंतुमय खनिज जळत नाही, गंजत नाही आणि सिमेंटला आतून घट्ट धरून ठेवते. लोखंडी पत्र्यापेक्षा असे छप्पर कमी तापते, पावसात कमी वाजते, शिवाय स्वस्त पडते. गरिबाने ते निवडले यात त्याचा काही दोष नाही.

दोष धोरणाचा आहे. भारताने १९८६ मध्ये ॲस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे थांबवले, १९९३ मध्ये जुन्यांचे नूतनीकरणही. कारण आरोग्याचे होते. मात्र रशियात वा कझाकस्तानात खणलेला तोच तंतू जहाजातून उतरला की निर्धोक ठरतो! कॅनडाने वर्षानुवर्षे तो भारताला विकला आणि २०१८ मध्ये स्वतःच्या घरी त्यावर बंदी घातली.

उद्योगाचा युक्तिवाद ठरलेला: क्रायसोटाइल निळ्या-तपकिरी ॲस्बेस्टॉसइतके वाईट नाही, ते सिमेंटमध्ये बंदिस्त असते, वापर ‘नियंत्रित’ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह सर्व प्रकार मानवात कर्करोग घडवणारे ठरवले आहेत. आणि नियंत्रण? कारखान्याच्या भिंतीआड ते कदाचित असेलही. पण छपरावर चढून हुकासाठी भोक पाडणारा, तोंडाला फार तर रुमाल बांधलेला मिस्त्री कोणाच्या नियंत्रणात असतो? वादळात फुटलेले तुकडे अंगणात भरावाला जातात, तेव्हा कोणता निरीक्षक येतो? श्वासातून गेलेला सूक्ष्म तंतू फुप्फुसातील भक्षक पेशींनाही पचत नाही. ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा हे आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उमटतात.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले होते. १९९५ च्या निकालात कामगाराची वैद्यकीय नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतील नंतर संपणाऱ्या मुदतीपर्यंत जपण्याचा आदेश आहे. पण मिस्त्रीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. त्याची नोंद जपायची कोणी? मग ‘भारतात रुग्ण आहेत कुठे?’ हा प्रश्न विचारणे फार सोपे जाते. जे मोजलेच नाही, ते नाहीच!

रॉटरडॅम कराराच्या २०१३ आणि २०१५ च्या परिषदांत क्रायसोटाइल घातक पदार्थांच्या यादीत घालण्यास विरोध करणाऱ्यांत भारत होता. त्या यादीने बंदी येत नाही. आयात करणाऱ्या देशाला धोका आधी कळवून त्याची संमती घ्यावी, एवढेच तिचे मागणे असते.