आधीं साधना कीं आधीं रंगमंच?

ज्यास सूर लावतां येत नाहीं त्यानें रंगमंचावर पाऊल ठेवूं नये, हा दंडक आपल्या सुशिक्षित घरांतून इतका रूढ झाला आहे कीं, त्यास कोणी हरकत घ्यावी हेंच पुष्कळांस उद्धटपणाचें वाटतें. मुलगा चार मित्र जमवून गच्चीवर गिटार बडवूं लागला कीं, 'आधीं नीट शीक, मग लोकांपुढें जा,' असें त्यास बजावण्यांत येतें. हा उपदेश सद्धेतूचा खरा. परंतु तो सर्वत्र लागू पडतो हें आम्हांस मान्य नाहीं. एक परकीय उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

सन १९७६ च्या सप्टेंबर महिन्यांत, २० व २१ तारखांस, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील 'हंड्रेड क्लब' नांवाच्या तळघरांत पंक संगीताचा दोन रात्रींचा उत्सव झाला. जागा मूळची जॅझची. सेक्स पिस्टल्स, क्लॅश, डॅम्ड व बझकॉक्स हीं पथकें तेथें वाजवून गेलीं, आणि त्यांपैकीं एकाचीही ध्वनिमुद्रिका तोंवर निघालेली नव्हती. 'सूझी अँड द बॅन्शीज' या पथकानें तर एकही गीत बसविलेलें नव्हतें. ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द हाताशीं धरून त्यांनीं सुमारें वीस मिनिटें केवळ उत्स्फूर्त गोंगाट केला. पुढें त्यांतील दोघें टिकलीं, नवे वादक मिळाले, आणि १९७८ त त्याच नांवानें 'द स्क्रीम' ही ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. तिच्या थंड, धारदार नादाचा ठसा पुढील पिढीवर उमटला. वीस मिनिटांचा तो गोंगाट ऐकून घेणारें कोणी नसतें, तर हें पथक उभें तरी राहिलें असतें काय?

आक्षेपक म्हणतील, तेथें दंगा झाला त्याचें काय? दुसऱ्या रात्रीं कोणीं भिरकावलेला पेला फुटून एका तरुणीच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. या कृत्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. क्लबानें त्यानंतर पंक पथकांस दार बंद केलें, याबद्दलही आमची तक्रार नाहीं. सूझीनें दंडावर नाझी स्वस्तिकाची पट्टी बांधली होती, हा निव्वळ अविचार होय. परंतु त्याच कारणास्तव क्लॅशच्या व्यवस्थापकानें तिच्या पथकास आपली सामग्री वापरूं दिली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. कान उपटणारे त्या तळघरांतच होते. त्यासाठीं बाहेरच्या शिष्टांची गरज पडली नाहीं.

बझकॉक्स मंडळींनीं तर सुमारें ५०० पौंड उसने घेऊन, १९७७ च्या जानेवारींत, चार गीतांची 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच प्रसिद्ध केली. प्रथम १००० प्रती काढल्या. कोणतें गीत कितव्या खेपेस मुद्रित झालें, हेंही त्यांनीं वेष्टनावर छापलें! जादूगारानें आपली पोतडी प्रेक्षकांपुढें उलटी करावी, तसाच हा प्रकार. आपल्याकडे चक्रमुद्रित अनियतकालिकें काढणाऱ्या तरुणांनीं निराळें काय केलें होतें? त्या पानांस त्या काळीं नाकें मुरडण्यांत आलीं. त्यांतूनच पुढें आलेल्या अरुण कोलटकरांची कविता आज आपण मानानें कपाटांत ठेवतों.

रागसंगीतांत गुरु आहे, घराणें आहे, बंदिश आहे. तेथें साधना आधीं व मैफल मागाहून, हें आम्हीही मानतों. परंतु ज्या गाण्याचा गुरु अद्याप जन्मासच आलेला नाहीं, त्याची तालीम घ्यावी कोणापाशीं? ती श्रोत्यांपुढेंच व्हावयाची. रंगमंच हाच तेथें रियाज. हें ज्यांस पटत नाहीं, ते नव्या गाण्यास विरोध करीत नसून त्याच्या जन्मासच विरोध करीत असतात.

म्हणून आमची विनंति अशी कीं, आपल्या गांवीं असा उत्सव भरल्यास, मोठ्या नांवांची वेळ होण्यापूर्वीं, भर उन्हांत, रिकाम्या पटांगणापुढें जीं अनोळखी पोरें वाजवीत असतात, त्यांच्यासमोर तासभर उभे राहा. तिकिट मात्र विकत घ्या. न आवडल्यास तसें खुशाल सांगा. पण 'आधीं शिकून या' म्हणून दार लावूं नका. कारण तीं शिकावयास आलेलीं असतात तीं त्याच दारांतून.