निंबाचंच तर आहे!

“झाडपाल्याचं आहे हो, त्याने कुणाला अपाय होत नाही.” हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. मंडळी, आज या वाक्याशीच थोडं भांडायचं आहे, आणि तेही कडुनिंबाच्या निमित्ताने.

कडुनिंबाचं मला वावडं नाही. पाडव्याला मी तोंड वाकडं न करता पाला खातो. गावाकडे आमच्या भावकीतले बरेच जण हल्ली निंबोळी अर्क फवारतात. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडा साबण घालून १०० लिटर पाणी करायचं. स्वस्त आणि घरचं. याचा मला आनंदच आहे. हरकत आहे ती पुढच्या भागाला. फवारणी झाली की पंप ओढ्यात खळबळून धुतात, उरलेला अर्क शेततळ्यात ओततात. हटकलं की उत्तर ठरलेलं : “आप्पा, निंबाचंच तर आहे!”

तळ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरून बघा. टाचणीच्या माथ्याएवढे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतील. शास्त्रीय नाव डाफ्निया; इंग्रजीत त्यांना वॉटर फ्ली, म्हणजे पाण्यातल्या पिसवा म्हणतात. प्रत्यक्षात ही पिसू नव्हे, कोळंबी-खेकड्यांची धाकटी भावंडं. पाण्यातलं हिरवं शेवाळ गाळून खायचं आणि माशांच्या पिल्लांच्या पोटात जायचं, हा त्यांचा जन्म.

त्यांचा संसार मोठा नवलाचा. एरवी सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय अंडी होतात, ती आईच्या पाठीवरच्या कप्प्यात वाढतात, तीनेक दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. मग आई कात टाकते आणि रिकाम्या कप्प्यात नवी अंडी घालते. म्हणजे दर बाळंतपणाला एक कात. दिवस वाईट आले, पाणी आटू लागलं, की नर जन्मतात आणि टणक कवचातली अंडी होतात. ती चिखलात उन्हाळा काढतात. कात आणि वंश यांची अशी गाठ बांधलेली आहे.

आता कडुनिंब कीड कसा मारतो ते पाहा. निंबोळीत अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते किडीची भूक मारतं आणि कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतं. अळी कातीतच अडकते, पुढची पिढी होत नाही. माणसाला, गाईला कात टाकायची नसते, म्हणून आपण त्या तडाख्यातून सुटतो. पण पाण्यातल्या या पिसवांना कात टाकायला लावणारं संप्रेरक किडींच्याच जातीचं. औषधाला काय कळणार, ही कपाशीवरची अळी आणि ही तळ्यातली लेकुरवाळी!

प्रयोगशाळेत असे परिणाम मोजण्याची ठरलेली पद्धत आहे. एक दिवसाच्या आतली पिल्लं एकेकटी ठेवायची, २१ दिवस सांभाळायची आणि प्रत्येकीला किती पिल्लं झाली ते मोजायचं. स्वच्छ पाण्यात सरासरी निदान ६० व्हायला हवीत, नाहीतर चाचणीच बाद. मला ही पद्धत आवडली. कोण मेलं एवढंच न विचारता कुणाची कूस उजवली हेही विचारते. जीव न मरताही वंश खुंटू शकतो.

कॅनडात तळ्याच्या बंदिस्त पाण्यात कडुनिंबाचं कीटकनाशक घालून पाहिलं गेलं. मात्रा वाढली तशी तिथल्या सूक्ष्म कवचधारी जिवांची घडी विस्कटली. न्यायाने हेही सांगायला हवं की अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विरतं, आणि सगळ्या बनावटी सारख्या जालीम नसतात. शेतातल्या फवाऱ्याने नदी मरत नाही. पण लहानशा शेततळ्यात दर खेपेला अर्क ओतणं ही वेगळी गोष्ट. त्याच तळ्यात मत्स्यबीज सोडायचं आणि पिल्लांचं खाणंच नाहीसं करायचं, हा कुठला हिशेब?

आठवत असेल, कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला मिळालेलं युरोपीय पेटंट २००० साली रद्द झालं, अपिलातही २००५ साली तोच निकाल कायम राहिला. हे ज्ञान आमचं जुनंच आहे, असं आपण ठणकावून सांगितलं. बरोबरच होतं. पण ज्ञान आमचं म्हणायचं तर ते अर्धं घेऊन कसं चालेल? कडुनिंब मारतो हे ठाऊक असेल, तर कुणाकुणाला मारतो हेही ठाऊक करून घ्यायला नको? ज्याच्यात गुण करायची ताकद आहे, त्याच्यात अवगुण करायचीही असणारच. बिनताकदीचं औषध म्हणजे नुसतं पाणी.

तेव्हा भावकीतल्या पोरांनो, निंबोळी अर्क जरूर फवारा. फक्त लागेल तेवढाच करा, उरला तर बांधावरच्या झाडांवर मारा, आणि पंप शेतातच धुवा, धुणवण ओढ्यात जाऊ देऊ नका. अर्काच्या कृतीचे जे कागद माझ्या हाती आले, त्यांत ही ओळ मला दिसली नाही, म्हणून इथे लिहिली.

असो. तुमच्याकडे काय करतात, जरूर कळवा.