फेटा भाड्याचा, गाव उसनं

रविवारी सकाळी मार्वेच्या जेट्टीवर उभं राहा. मनोरीच्या बोटीत माणसांबरोबर मोटारसायकली चढतात. उंच गाड्या, जाड टायर, चिखल-वाळू तुडवायलाच घेतलेल्या. गोराई, उत्तन पालथं घालून ही पोरं दुपारी परततात आणि आमच्या मढच्या रस्त्यावरच्या एका बारसमोर ओळीनं गाड्या लावतात.

बारच्या पाटीवर लिहिलंय ‘अस्सल गावरान’. झावळांचं छप्पर, पण त्याखाली पत्रा. कंदील आहेत, आत बल्ब. दाराशी बैलगाडीचं चाक. अहो, आम्ही खाडी-समुद्राकडची माणसं; आमच्या दाराशी वल्ही असायची. पाणी द्यायला फेटा बांधलेला पोरगा आला. विचारलं, ‘‘गाव कुठलं रे?’’ म्हणाला, ‘‘बीडकडचा, काका. दोन एकर हाय, पावसावर.’’ आणि फेटा? ‘‘हाटेलचा. रात्री जमा करायचा.’’

या एवढ्यासाठी मी लिहायला बसलो. पिण्याशी माझं वैर नाही. आम्ही भंडारी, माझा आजा माड छेदायचा. सकाळ-संध्याकाळ कमरेला कोयता लावून वर चढायचा, पोय छेदून मडकं बांधायचा. पहाटेची गोड नीरा, ऊन चढलं की तीच आंबून माडी. लाकडी बाकावर कोळी, गवंडी, मिठागरातले मजूर बसत, वाटीत सुका जवळा. त्या झोपडीला कुणी ‘गावरान’ म्हटलं नाही. लोक म्हणत ‘गुत्ता’, आणि नाकाला पदर लावत.

सरकारनंही तेच मानलं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि माड छेदणं कर-परवान्याच्या दावणीला बांधलं गेलं. पुढं १९४९ चा दारूबंदी कायदा. त्यातूनच ‘परमिट रूम’ हा शब्द आला. ज्याच्याकडे पैसा, त्याला परमिट आणि थंड खोली. ज्याच्याकडे कोयता, त्याच्या मागं शिपाई. आजा म्हनायचा, ‘‘पोरा, झाड माझ्या बापानं लावलं, पण पोयीचा मालक कचेरीत बसतो.’’ शेवटी त्यानं कोयता वळचणीला खोचला, तो खोचलाच.

माडी हटली म्हणून गरिबाची तहान हटली का? जून २०१५ मध्ये याच मालाडात, मालवणीच्या लक्ष्मीनगरात, विषारी हातभट्टीनं शंभराहून अधिक माणसं मेली. दारूत मिथेनॉल होतं. दिवसभर राबून स्वस्तातलं घोटभर घेणारी माणसं. सगळा दोष कायद्याचा, असं मी म्हणत नाही. विष विकणाऱ्याचा दोष पहिला. पण झाडाचं, डोळ्यांदेखत उतरवलेलं पेय महाग आणि अवघड करायचं आणि पिशवीतलं विष गल्लीत पोचेपर्यंत झोपायचं, याला दारूबंदी म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, बारवाला लायसन भरतो, पोरांना काम देतो, तुमचं काय जातं? देतो ना, मान्य. पण तो विकतो काय? आमची झोपडी. आम्ही तीत बसलो तेव्हा तो गुन्हा होता. शहर तिची नक्कल करून बसलं की ती हौस झाली. त्या बारात माडाचं एक खोड खांब म्हणून उभं केलंय, चढायच्या खाचांसकट. रायडर त्याला टेकून फोटो काढतात. खाचा कशाच्या, हे विचारणारा मला अजून भेटला नाही. त्याच बारात नीरा मागितली, तर नव्हती.

म्हणून सांगणं सरळ आहे. गाव विकायचं असेल, तर गावातल्या माणसाचा माल विका. माड छेदणाऱ्याला परवाना सोपा करा, ताजी नीरा-माडी त्याच्याकडून रोख घ्या. बीडच्या पोराला फेट्याऐवजी पगार नीट द्या. आणि गाडीवाल्या पोरांनो, या, जरूर या. पण वाळूत आमच्या बायांनी जवळा सुकत घातलेला असतो, त्यावरून चाक घालू नका. प्यायलात तर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या. रांगडेपणाची तुम्हाला हौस आहे. आमचं त्यावर पोट होतं.