यंत्राची किंमत आणि वाटेचा खर्च

चैत्र-वैशाखात मालवणच्या किनारपट्टीवरून दोन प्रकारची वाहतूक मुंबईच्या दिशेने चाललेली असते. देवगड-कुंभारमाठच्या बागांतून हापूसच्या पेट्या रातोरात वाशीकडे निघतात. त्याच महामार्गावरच्या एखाद्या रात्रीच्या गाडीत फायलींची पिशवी मांडीवर घेऊन कर्करोगाचा रुग्ण व त्याचा नातेवाईक परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. पहिल्या वाहतुकीची नोंद बाजार समितीच्या वहीत होते. दुसरीची नोंद कोठेच होत नाही. या दोन्ही वाटा एकाच जातीच्या यंत्रापाशी येऊन मिळू शकतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ते यंत्र म्हणजे रैखिक कणवेगवर्धक, रुग्णालयातील बोलीत ‘लिनॅक’. कोकणासारख्या प्रदेशाने हे यंत्र मागावे की मागू नये, आणि मागावयाचे तर प्रथम कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर अभिनिवेशाने नव्हे तर हिशेबाने दिले पाहिजे.

कणवेगवर्धक म्हटले की सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे जिनीव्हाजवळचा प्रचंड भुयारी मार्ग उभा राहतो. विश्वाच्या आरंभाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांचे ते कोट्यवधींचे खेळणे, आपल्या संसाराशी त्याचा काय संबंध, अशी समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जगातील हजारो कणवेगवर्धकांपैकी मूलभूत संशोधनात गुंतलेले थोडे; बाकीचे रुग्णालयांत आणि कारखान्यांत मुकाट्याने राबत असतात. शस्त्रक्रियेच्या साहित्याचे निर्जंतुकीकरण, विजेच्या तारांवरील प्लॅस्टिकच्या आवरणाला बळकटी आणणे, बंदरातील कंटेनर न उघडता तपासणे, ही सारी कामे ते करतात.

यंत्राचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. मालवणच्या किनाऱ्यावर ज्याने रापण ओढताना पाहिली आहे, त्याला ते चटकन उमगेल. समुद्रात लांबवर पसरलेले ते जाळे कोणी एका झटक्यात ओढून आणत नाही. दोरावर हात ठेवलेली माणसे एका तालावर लहान लहान ओढ देत जातात आणि त्या ओढींच्या बेरजेने जाळे वाळूवर येते. ताल चुकला तर बळ वाया जाते. इलेक्ट्रॉनलाही असाच, एका प्रचंड विद्युतदाबाने एकदाच ढकलण्याऐवजी, मोजक्या दाबाने पण नेमक्या क्षणी पुन्हा पुन्हा ढकलावे, ही कल्पना स्वीडनच्या गुस्ताव्ह इझिंग यांनी १९२४ मध्ये मांडली. रॉल्फ विडरो या नॉर्वेजियन तरुणाने जर्मनीतील आखेन येथे ती प्रत्यक्षात आणली आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याने २५ हजार व्होल्टचा दाब एकाच कणावर दोनदा वापरला आणि ५० हजार व्होल्टची ऊर्जा मिळवली. तेच भांडवल दोनदा फिरवून दुप्पट उत्पन्न काढण्याचाच हा प्रकार होय.

पुढे दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन व क्लायस्ट्रॉन ही सूक्ष्मतरंग निर्माण करणारी साधने विकसित झाली आणि युद्धानंतर तीच या यंत्राच्या कामी आली. आजच्या यंत्रात तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वात केलेल्या तांब्याच्या नळीत शिरतात. नळीत एकापुढे एक पोकळ कप्पे असतात व त्यांत सेकंदाला सुमारे तीन अब्ज वेळा हेलकावणारे सूक्ष्मतरंग खेळवलेले असतात. लाटेचा नेमका उतार साधून होडी किनाऱ्याला घालावी, तसा इलेक्ट्रॉन त्या तरंगावर स्वार होतो. सहा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जेला पोचताना त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहून अधिक झालेला असतो. मग तो टंगस्टनच्या पत्र्यावर आदळला की भेदक क्ष-किरण बाहेर पडतात. धातूच्या सरकत्या पात्यांनी त्यांना गाठीच्या आकाराचा झरोका करून दिला आणि यंत्र रुग्णाभोवती फिरवत निरनिराळ्या दिशांनी मारा केला, तर गाठीवर पूर्ण मात्रा पडते व भोवतालचे निरोगी अवयव बरेचसे वाचतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ मध्ये अशा यंत्राने पहिला रुग्ण तपासून उपचारासाठी घेतला गेला, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजली.

या यंत्राचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे कोबाल्ट-६०. त्याचे गुण नाकारता येत नाहीत. ते साधे आहे, विजेच्या लहरीवर फारसे अवलंबून नाही आणि आपल्या अणुऊर्जा खात्याने बनवलेल्या ‘भाभाट्रॉन’मुळे ते स्वस्तही झाले आहे. परंतु कोबाल्टची धार दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, आणि तो कधीही ‘बंद’ होत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट असलेले जुने उपकरण येऊन पडले व त्यात एका कामगाराचा जीव गेला. लिनॅकची कळ बंद केली की किरण थांबतात. मात्र त्याला अखंड वीज, थंड पाणी, वातानुकूलन आणि जाणता तंत्रज्ञ लागतो. कोकणातील पावसाळ्यात वीज कशी वागते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आंब्याचा प्रश्न घेऊ. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार २००७ मध्ये उघडले, ते एका अटीवर. फळमाशी व कोयीतील किडा यांची वाढ खुंटावी म्हणून फळावर किमान ४०० ग्रे इतकी किरणमात्रा पडली पाहिजे, ही ती अट. प्रारंभी हे काम नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात झाले. पुढे राज्य पणन मंडळाने वाशी येथे सोय केली. दोन्ही ठिकाणी वापर कोबाल्टचा. अशा प्रक्रियेने फळ किरणोत्सारी होते ही भीती निराधार आहे. दिव्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू स्वतः प्रकाशू लागत नाही, तसेच हे. तेव्हा हेच काम विजेवर चालणाऱ्या कणवेगवर्धकाने देवगड-मालवणातच का करू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे निघतो. खारघर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे, आणि इंदूर येथे राजा रामण्णा केंद्राचे दहा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे रैखिक वेगवर्धक आहेत. म्हणजे विद्या देशाबाहेरून आणावयाची नाही.

तरीही येथे भावनेला आवर घातला पाहिजे. दहा दशलक्षांचे इलेक्ट्रॉनही फळाच्या गरात जेमतेम पाच सेंटिमीटर शिरतात. भरलेल्या पेटीच्या आरपार जावयाचे तर त्यांचे क्ष-किरणांत रूपांतर करावे लागते, आणि त्या रूपांतरात ऊर्जेचा फार मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. विजेचे बिल मात्र पूर्ण ऊर्जेचे येते. त्याहून मोठी अडचण हंगामाची. आंबा तीन महिन्यांचा, यंत्राचा स्थिर खर्च बारा महिन्यांचा. शिवाय कोकणच्या हापूसपैकी अमेरिकेला जाणारा वाटा अगदी लहान. बहुतेक माल देशातल्या बाजारपेठांत व आखाती देशांत खपतो आणि तेथे ही अट नाही. केवळ यंत्राने काम भागत नाही, याचा धडाही मिळालेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात वाशीला विकिरण झालेल्या काही खेपा कागदपत्रांतील त्रुटींवरून अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या व तो माल तेथेच नष्ट करावा लागला. किरण बरोबर पडले असतील. शिक्का बरोबर पडला नाही. काजू, मसाले, गोठवलेली मासळी आणि रुग्णालयीन साहित्य यांचे वर्षभराचे काम हाती असल्याखेरीज केवळ आंब्यासाठी किनाऱ्यावर असे यंत्र बसवणे म्हणजे पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होडीवर बारमाही खलाशी नेमण्यासारखे ठरेल.

रुग्णाचा हिशेब मात्र अगदी उलटा आहे. तेथे हंगाम नसतो. नेहमीच्या उपचारक्रमात आठवड्याला पाच याप्रमाणे सहा आठवड्यांत ३० वेळा रुग्णाला यंत्राखाली जावे लागते. प्रत्येक वेळेस पाव तास धरला तर एकूण उपचार साडेसात तासांचा. पण या साडेसात तासांसाठी रुग्ण व त्याच्यासोबतचा एक माणूस ४२ दिवस परगावी राहतात. म्हणजे ८४ मनुष्यदिवस खर्ची पडतात. खोलीचे भाडे, खानावळ, बुडालेली मजुरी, बंद पडलेली होडी किंवा दुकान, शाळेतून काढून घरी बसवलेली थोरली मुलगी, हे सारे त्या साडेसात तासांचे मोल होय. शासकीय योजनेतून उपचार विनामूल्य झाला तरी हे मोल माफ होत नाही. परिणामी काही रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, तर काही वाटच धरत नाहीत.

यंत्राला पुरेसे काम मिळेल काय? २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१ होती. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात दर लाखामागे वर्षाला सुमारे १०० नवे रुग्ण आढळतात. हे सरासरी प्रमाण जिल्ह्याला लावले तर साडेआठशेच्या आसपास रुग्ण होतात आणि साधारणपणे निम्म्यांना केव्हा ना केव्हा किरणोपचाराची गरज पडते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दुसऱ्या बाजूला, तासाला चार याप्रमाणे आठ तास आणि वर्षाचे २५० दिवस चालणारे एक यंत्र ३० बैठकांचा क्रम सुमारे २६५ रुग्णांना देऊ शकते. अंदाज ढोबळ असला तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. आंब्याचे यंत्र रिकामे राहण्याची भीती आहे. रुग्णाचे यंत्र रिकामे राहणार नाही.

एवढी महाग वस्तू लहान जिल्ह्यात कशाला, कोल्हापूर व गोवा काही दूर नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. नकाशावर ते दूर नाहीतच. पण आंबोली किंवा करूळचा घाट रोज चढून-उतरून उपचार घेणे दुर्बल रुग्णाला शक्य नसते, म्हणून अंतर दीडशे किलोमीटरांचे असो वा पाचशेंचे, बिऱ्हाड हलवावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्र विकत घेता येते, माणसे विकत घेता येत नाहीत. किरणोपचारतज्ज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांच्यावाचून अणुऊर्जा नियमन मंडळ परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्रा मोजणारा माणूस नसेल तर औषधाचे विष होते. म्हणून सिंधुदुर्गनगरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाबतीत क्रम असा असावा: आधी पदे व ती भरण्याची हमी, मग जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली आणि अखंड विजेची तजवीज, आणि त्यानंतर यंत्र. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा चालतो, आणि उद्घाटनाची फीत कापल्यावर खोक्यांवरची धूळ झटकण्यास माणूस शोधावा लागतो.

स्वदेशी यंत्राचाही विचार झाला पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मतरंग विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही संस्था मुंबईत उभी राहिली आणि तिने वैद्यकीय लिनॅक देशात घडवले. चंदीगढनंतर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या रुग्णालयात ते बसले. ज्या गावाचे नाव ग्रामस्वराज्याशी जोडलेले आहे तेथे इलेक्ट्रॉनला प्रकाशाच्या वेगाशी भिडवणारे यंत्र खेड्यापाड्यांतील रुग्णांची सेवा करू शकते, तर ते सिंधुदुर्गात अप्रस्तुत कसे ठरेल?

सार्वजनिक खर्चाची चर्चा करताना आपण एक चूक नेहमी करतो. यंत्राची किंमत अंदाजपत्रकात छापली जाते म्हणून ती डोळ्यांत भरते. हजारो कुटुंबांनी वाटेवर केलेला खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही म्हणून तो शून्य धरला जातो. वास्तविक यंत्र न घेतल्याने पैसे वाचत नाहीत. ते सरकारच्या खिशातून जाण्याऐवजी खलाशाच्या, शेतमजुराच्या व कारकुनाच्या खिशातून जातात. हापूसच्या पेटीला वाशीचा प्रवास परवडतो, कारण भाड्याचा भार अखेर गिऱ्हाईक उचलते. रुग्णाच्या प्रवासाचा भार उचलणारे गिऱ्हाईक कोठेही नाही.